जुन्या पबातली पार्टिशनं काढून जागा मोकळी करावी का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वेस्ट मिडलंड्समधला, १९००च्या आसपास बांधलेला एक पब तुम्ही आणि तुमचे मेहुणे मिळून विकत घेताय. करार अजून व्हायचा आहे. इमारत ऐतिहासिक इमारतींच्या सरकारी संरक्षण-यादीत ग्रेड टू दर्जाची आहे. आत समोर बार, बाजूला स्मोक रूम, मागे एक छोटी खोली, मध्ये लाकूड-काचेची पार्टिशनं आणि बोळात छातीपर्यंत टाइल्स आहेत. वर एक मोठी खोली आहे, ती सध्या अडगळीची झालीय. तुम्हाला तिथे बिअरबरोबर कोल्हापुरी आणि मालवणी जेवण द्यायचंय आणि ८० माणसं बसवायची आहेत. कंत्राटदार म्हणतोय, दोन पार्टिशनं काढा, काउंटर निम्मा करा, टाइल्सवर बोर्ड मारून रंगवा, परवानगीचं नंतर बघू. यातलं काय चालेल, असं तुम्ही विचारलंय.

यातलं जवळजवळ काहीच चालणार नाही. पण तुमची ८० माणसं बहुतेक बसतील. कारण तुमची खरी अडचण पार्टिशनची नाहीच. तीन खोल्यांत गरम जेवण कसं पोचवायचं आणि कमी नोकरांत सगळीकडे लक्ष कसं ठेवायचं, ही आहे. तिच्यावर उपाय आहेत आणि ते भिंती पाडण्यापेक्षा स्वस्त पडतात.

मी मुंबईत जुन्या इमारतींच्या दुरुस्तीपासून सुरुवात केली आणि आता बरीच वर्षं इंग्लंडमध्ये तेच करते. त्यात पबांची कामं भरपूर असतात. तरीही जागा न बघता लिहितेय. मूळचं किती शिल्लक आहे, मधल्या काळात कोणी काय बदललंय आणि तुमच्या कौन्सिलचा कॉन्झर्व्हेशन ऑफिसर (जुन्या इमारतींच्या जतनाचा अधिकारी) कसा आहे, यावर तपशील बदलतील. दिशा मात्र बदलणार नाही.

आधी ती पार्टिशनं तिथे का आहेत ते बघू. त्या काळच्या पबात एकाच छपराखाली वेगवेगळ्या गिऱ्हाइकांची सोय असायची. पब्लिक बारमध्ये फरशी, लाकडी बाकं आणि स्वस्त बिअर. स्मोक रूममध्ये गादीची बैठक, शेगडी, भिंतीत घंटीचं बटण आणि त्याच बिअरला थोडा जास्त दर. घरी न्यायला जगमध्ये बिअर देणारी एक छोटी खिडकी वेगळी, तिला तुमच्या भागात 'आउटडोअर' म्हणत. आणि या सगळ्यांना मधल्या एकाच काउंटरवरून माल जायचा. म्हणून काउंटर आणि पार्टिशनं वेगळी काढता येत नाहीत. काउंटर निम्मा केलात की स्मोक रूमच्या खिडकीला अर्थ उरत नाही, आणि पार्टिशन काढलंत की काउंटरचा तो विचित्र वळसा कशासाठी होता हेच कळेनासं होतं. वाड्याचा चौक बुजवून हॉल केला तर खांब आणि तुळया जागेवर असूनही वाडा उरत नाही, तसं हे आहे.

१९६०पासून पुढच्या दोन-तीन दशकांत इंग्लंडमधल्या बहुतेक पबांचं हेच झालं. परवाने देणाऱ्या मॅजिस्ट्रेटांना काउंटरमागून सगळी जागा नजरेत यायला हवी होती, दोन खोल्यांतला दरांचा फरक संपत आला होता आणि ब्रुअरींना मोकळा हॉल आधुनिक वाटत होता. हजारो पबांतली पार्टिशनं तेव्हा निघाली. म्हणूनच १९७१मध्ये बिअर वाचवण्यासाठी सुरू झालेल्या कॅम्रा या ग्राहक संघटनेला पुढे पबांच्या अंतर्भागाची राष्ट्रीय यादीच करावी लागली. मूळ रचना बऱ्यापैकी टिकलेले पब देशभरात काही शेच निघाले. तुमचा पब तिथे आहे का ते आजच बघा. त्या नोंदीला कायद्याचं बळ नाही, पण कौन्सिल ती वाचतं.

आता एक गोष्ट, जी आपल्यासारख्यांनी टाळून पुढे जाऊ नये. या पार्टिशनांनी फक्त मजूर आणि बाबू वेगळे केले नाहीत. १९६०च्या दशकात बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिकसारख्या गावांत भारतीय कामगारांना अनेक पबांत फक्त बारमध्ये पेय मिळायचं, स्मोक रूममध्ये नाही. फेब्रुवारी १९६५मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय नेते माल्कम एक्स स्मेदिकला आले, तेव्हा इंडियन वर्कर्स असोसिएशनच्या अवतारसिंग जोहल यांनी त्यांना ब्ल्यू गेट्स पबात नेलं आणि तिथल्या स्मोक रूममध्ये त्यांना पेय नाकारलं गेलं. त्याच वर्षी आलेल्या रेस रिलेशन्स कायद्याने सार्वजनिक ठिकाणचा हा भेद बेकायदा ठरवला. पुढे त्याच पट्ट्यातले कितीतरी पब पंजाबी मालकांनी घेतले आणि आज 'देसी पब' म्हणून मिक्स्ड ग्रिलसाठी लोक लांबून तिथे येतात. मग असली भिंत ठेवायची कशाला, असा प्रश्न मला एका मालकाने विचारला होता. माझं मत स्पष्ट आहे: ठेवायचीच. ज्या खोलीत आपल्या माणसांना बसू दिलं नाही ती खोली आज आपल्या नावावर आहे, आणि ते तिथे बसलेल्या पोराबाळांना दाखवायचं तर दार, घंटी आणि खिडकी जागेवर लागतात. मोकळ्या हॉलमध्ये त्यातलं काही सांगता येत नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण 'परवानगीचं नंतर बघू' हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. इमारत यादीत आली की आतलं-बाहेरचं सगळं संरक्षित होतं. यादीतल्या वर्णनात टाइल्सचा उल्लेख नाही म्हणून त्या मोकळ्या, असं नसतं. १९९०च्या कायद्याप्रमाणे इमारतीच्या वैशिष्ट्याला धक्का लावणारं काम लिस्टेड बिल्डिंग कन्सेंटशिवाय, म्हणजे यादीतल्या इमारतीत बदल करायच्या कौन्सिलच्या परवानगीशिवाय, करणं हा फौजदारी गुन्हा आहे. करणारा आणि करवून घेणारा दोघंही सापडतात. शिवाय अशा कामावर नोटीस काढायला मुदतीचं बंधन नाही. म्हणजे आधीच्या मालकाने परवानगीविना काही काढलं असेल, तर ते पूर्ववत करण्याची नोटीस उद्या तुमच्या हातात येऊ शकते. करार व्हायच्या आधी तुम्ही विचारताय हे फार चांगलं झालं. आधीच्या सगळ्या परवानग्यांची यादी सॉलिसिटरकडून कौन्सिलच्या नोंदींतून काढून घ्या आणि आजच्या जागेशी ताडून बघा.

ताडायचं कसं? जमिनीकडे बघत चाला. जिथे पार्टिशन होतं तिथे लाकडी जमिनीवर वेगळ्या रंगाचा पट्टा असतो किंवा टाइल्सची किनार मध्येच तुटते. मग वर बघा. छताच्या कडेची नक्षीदार पट्टी (कॉर्निस) एखाद्या ठिकाणी उगाच थांबते किंवा दोन नमुने एकमेकांना भिडतात. बाहेर शेजारी शेजारी दोन दारं असतील आणि आत दोन्ही एकाच खोलीत उघडत असतील, तर मधलं काहीतरी गेलंय. हे सगळं मोबाइलवर टिपा, खोलीवार.

अर्जाला सरकारी फी नाही आणि निर्णयाची ठरलेली मुदत आठ आठवड्यांची आहे. प्रत्यक्षात जास्त लागतात. त्याआधी कॉन्झर्व्हेशन ऑफिसरशी अर्जपूर्व सल्लामसलत करा. बहुतेक कौन्सिलं तिचे पैसे घेतात, ते द्या. तिथे तयार नकाशे घेऊन जाऊ नका. 'आम्हाला जेवण द्यायचंय, इतकी माणसं बसवायची आहेत, ही खोली आम्ही अजिबात हलवणार नाही, पण मागच्या बाजूला थोडी मोकळीक हवी', असं बोला. पब बंद पडलेला कुठल्याच ऑफिसरला नको असतो. चालू धंदा हेच इमारतीचं सगळ्यात मोठं संरक्षण आहे, हे तेही जाणतात.

मग ८० माणसं कुठे? तुम्ही दिलेल्या मापांवरून बारमध्ये साधारण ३०, स्मोक रूममध्ये २०, मागच्या खोलीत १० सहज बसतील. उरलेले वर. ती वरची खोली म्हणजे जुना क्लब रूम. मित्रमंडळं, संघटना आणि लग्नाच्या मेजवान्यांसाठीच ती बांधलेली असते. बारसं, पन्नाशी, महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम, सगळं तिथे होईल, आणि पंगत मांडायची तर तीच जागा. फक्त आगीच्या वेळी बाहेर पडायचा मार्ग एकच जिना असेल तर तिथे किती माणसं चालतील हे अग्निसुरक्षेच्या तज्ज्ञाकडून लेखी घ्या. माझा आकडा तिथे बदलू शकतो. वर अन्न न्यायला छोटी लिफ्ट बसवायची तर ती मागच्या, आधीच बदललेल्या भागातून घ्या.

छोट्या खोल्यांमुळे धंदा मार खाईल ही भीती मला पटत नाही. बेलफास्टचं क्राउन लिकर सलून १९७८पासून नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. तिथे दारं असलेले लाकडी कप्पे आहेत आणि लोकांना बसायला पहिले तेच हवे असतात. लंडनमध्ये होबर्नच्या प्रिन्सेस लुईस पबातली पार्टिशनं मधल्या काळात काढली होती. ब्रुअरीने २००७-०८मध्ये स्वतःचे पैसे घालून ती पुन्हा बसवली. आणि वेगळं जेवण जुन्या अंतर्भागात चालतं का, तर बर्मिंगहॅममधल्या ॲस्टनचा बार्टन्स आर्म्स बघून या. १९०१चा पब, ग्रेड टू स्टार (ग्रेड टूच्या वरचा दर्जा), जिन्यापासून बारपर्यंत स्टोक-ऑन-ट्रेंटच्या मिंटन कारखान्याच्या टाइल्स. २००३नंतर अनेक वर्षं तिथे थाई जेवण दिलं गेलं, टाइल्स तशाच ठेवून. राणीच्या बागेतल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात तुम्ही मिंटनची फरशी पाहिली असेल. त्याच स्टोक-ऑन-ट्रेंटचा माल, आणि ते गाव तुमच्यापासून फार लांब नाही.

लक्ष ठेवण्याचा प्रश्न आज कॅमेऱ्याने सुटतो. जुन्या परवाना मॅजिस्ट्रेटांना ती सोय नव्हती. स्मोक रूममधली घंटीची बटणं कमी व्होल्टेजच्या तारेवर पुन्हा चालू करा. गिऱ्हाइकाने बटण दाबलं की काउंटरमागे दिवा लागेल. एक माणूस वाचतो आणि लहान मुलं त्या बटणासाठी आईबापांना परत घेऊन येतात, हे मी पाहिलंय.

स्वयंपाकघराबद्दल मात्र मी तुमच्यापेक्षा जास्त काळजीत आहे. कोल्हापुरी रस्सा आणि तव्यावरचे मासे म्हणजे दिवसभर फोडणी, भाजलेलं खोबरं आणि तेलकट वाफ. ती वाफ पार्टिशनच्या वरच्या फटीतून बारमध्ये गेली की छताच्या गिलाव्यावर आणि भिंतीवरच्या लिंक्रस्टावर बसते. लिंक्रस्टा म्हणजे जवसाच्या तेलापासून बनवलेला उठावदार नक्षीचा भिंतीचा कागद, १८७७चा शोध. त्याच्या नक्षीत तेलकट धूळ अडकली की ती नुकसान न करता काढणं फार अवघड. त्यामुळे स्वयंपाकघर मुख्य इमारतीत नकोच. मागच्या अंगणात जुना तबेला किंवा ब्रूहाउस (बिअर बनवायची खोली) असेल तर तिथे न्या. तीही बहुधा संरक्षित असतात, पण त्यांच्यात बदलाला वाव जास्त मिळतो. धुराची नळी मागच्या उतारावरून वर काढा आणि आवाज-वासाचा अहवाल अर्जाला जोडा. बाहेरच्या नळीला वेगळी प्लॅनिंग परवानगीही लागते. जुन्या धुराड्यातून तेलकट धूर सोडायची सूचना कोणी केली तर मान्य करू नका. आत जागोजागी भेगा आणि काजळी असते, साफ करायला हात पोचत नाही, आणि तिथे साचलेलं तेल पेटलं तर इमारत जाते.

काउंटरमागच्या फडताळाचंही सांगते, कारण तिथलं नुकसान कोणाच्या लक्षात येत नाही. आरसे आणि नक्षीचा वरचा भाग सगळे जपतात. खालचा भाग मात्र बाटल्यांच्या फ्रिजसाठी कापून टाकतात. शेकडो पबांत असं झालंय. तुमच्याकडे खालची कपाटं शिल्लक असतील तर ती दुर्मीळ आहेत. फ्रिज काउंटरच्या आतल्या बाजूला, मूळ लाकूड न कापता बसेल अशा मापाचा घ्या आणि जास्तीचा माल तळघरात ठेवा.

सफाईवाले लवकर आणि जोरात कामाला लागतात, त्यांना आधी थांबवा. लाकूड काळं पडलंय म्हणून घासून उघडं करू नका. बहुतेक ठिकाणी ते चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश असतं, त्यावर सिगारेटचा धूर आणि मेण बसलेलं. पार्टिशनच्या दाराच्या मागच्या बाजूला, बिजागरीजवळ नाण्याएवढी जागा घ्या. आधी कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून कापसाने पुसा. कापूस तपकिरी झाला आणि खाली चकाकी दिसली तर तेवढंच पुरे. मग त्याच्या शेजारी स्पिरिटचा बोळा हलकेच फिरवा. पृष्ठभाग चिकट होऊ लागला तर ते लाखेचं पॉलिश आहे, आणि जाणता पॉलिशवाला ते न खरवडता पुन्हा जिवंत करू शकतो. मशीनने घासलं की शंभर वर्षांचा रंग अर्ध्या तासात भुशाच्या पिशवीत जातो.

टाइल्सवर बोर्ड मारायला भोकं पाडावी लागतात, म्हणून ते नको. काही लावायचंच असेल तर सांध्यात लावा. बोटाच्या पेराने टकटक करत जा. जिथे पोकळ आवाज येतो तिथे खुणेचा कागद चिकटवा. पोकळ वाजली म्हणजे ती पडणारच असं नाही, आणि मागे चुन्याचं पातळ मिश्रण सोडून ती पुन्हा पक्की करता येते. ॲसिड, ब्लीच आणि प्रेशर वॉशर मात्र जवळ आणू नका. झिलईला एकदा डाग गेला की तो कायमचा. फरशीवरही तेच.

काचांची नोंद आधी करा. कोरीव आणि ॲसिडने दुधी केलेल्या काचा शुक्रवारी रात्री फुटतात आणि मग नमुना हाती नसतो. प्रत्येक काचेमागे काळं कापड धरा, एका बाजूने टॉर्च मारा, समोरून फोटो घ्या आणि शेजारी मोजपट्टी ठेवा. कोरलेल्या खाचांवर पातळ कागद ठेवून पेन्सिलने छापही घ्या. एवढ्या नोंदीवरून कारागीर ती काच पुन्हा बनवू शकतो. नोंदीची ताकद काय असते याचं उदाहरण लंडनमधलं आहे. मेडा व्हेलचा कार्लटन टॅव्हर्न एप्रिल २०१५मध्ये परवानगीविना पाडला गेला. वेस्टमिन्स्टर कौन्सिलने तो होता तसा पुन्हा बांधायला लावला आणि एप्रिल २०२१मध्ये तो पुन्हा उघडला. पाडण्याआधी अंतर्भागाची बारकाईने नोंद झाली होती, म्हणून 'होता तसा' म्हणजे कसा हे सांगता आलं.

दाराच्या पायरीमुळे व्हीलचेअरवाल्यांचं काय, असंही तुम्ही विचारलंय. २०१०च्या समानता कायद्याप्रमाणे वाजवी सोय करणं तुमच्यावर बंधनकारकच आहे, इमारत यादीत असली तरी. बहुतेक वेळा जुन्या आउटडोअरचं दार किंवा अंगणाकडचं दार जमिनीच्या पातळीत असतं. तोच मुख्य प्रवेश करा, आणि तो सन्मानाने वाटेल असा उजेडात ठेवा. खालचं एक शौचालय मागच्या नव्या भागात घ्या.

खर्चाचं एवढंच सांगते: यादीतल्या घरांतल्या आणि धर्मादाय वापराच्या इमारतींतल्या परवानगी घेतलेल्या बदलांवर पूर्वी व्हॅट शून्य होता. पबासारख्या धंद्याच्या जागेला ती सवलत नव्हतीच, आणि २०१२मध्ये ती बाकीच्यांचीही गेली. त्यामुळे जुन्या पुस्तिकेवरून कोणी हिशेब करून दिला तर तो तपासा. विमा पुनर्बांधणीच्या खऱ्या खर्चाचा घ्या, बाजारभावाचा नव्हे.

या आठवड्यात कंत्राटदाराकडून नवं कोटेशन मागा. त्यात पार्टिशन, काउंटर आणि टाइल्सचं काम शून्य असू द्या. त्याऐवजी मागचं स्वयंपाकघर, धुराची नळी, वरची खोली, वायरिंग आणि लाकूड-टाइल्सची हाताने सफाई धरा. त्याला जुन्या इमारतींचा अनुभव नसेल तर हा भाग दुसऱ्याकडे द्या. सॉलिसिटरला सांगून परवानग्यांची जुनी यादी आल्याशिवाय करारावर सही करू नका. आणि खोलीवार फोटो काढून झाले की इथेच टाका. पार्टिशनचा वरचा भाग, काउंटरमागचं फडताळ आणि स्मोक रूमचं छत स्पष्ट दिसू द्या. त्यावरून मूळ काय आणि नंतरचं काय हे मला बरंचसं सांगता येईल.